चार एकर आणि बारा महिने

दीड वर्षापूर्वी, पावसाळा सरता सरता, पुण्याहून माझ्या एका जुन्या मित्राचे पत्र आले. मित्राची नोकरी चांगली आहे, घर आहे, पण शहराला विटला आहे. त्याने लिहिले होते, "कुठे तरी आडबाजूला चार एकर जमीन घ्यावी म्हणतो. आपले धान्य आपण पिकवावे, आपल्या विहिरीचे पाणी प्यावे. कुणाचे घेणे नाही, कुणाचे देणे नाही. तुमचा नवापूरचा मुलूख हिरवागार आहे असे ऐकतो. तिकडे असे स्वावलंबी राहता येईल का, ते नीट पाहून कळव."

अशी विचारणा हल्ली पुष्कळांकडे होत असेल. तुमच्या गावातही असा एखादा पाहुणा येऊन गेला असेल. त्याला आपण काय सांगतो? एक तर "या की, हवा मोकळी आहे" म्हणतो, नाही तर "इकडे काय ठेवलंय हो" म्हणून वाटेला लावतो. दोन्ही उत्तरे आळशीपणाची आहेत. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. म्हटले, आपण तरी रीतसर हिशेब मांडून पाहू. तो मांडताना मला जे कळले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

प्रथम मुलूख. नवापूर हा नंदुरबार जिल्ह्याचा नैर्ऋत्येकडचा तालुका. जिल्हाच मुळी १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. दहा माणसांतली आठांहून अधिक माणसे आदिवासी आहेत: गावित म्हणजे मावची, भिल्ल, कोकणी. रंगावली, सरपिणी, नेसू या इथल्या नद्या. तापीवरचे उकाई धरण १९७२ साली पुरे झाले, ते गुजरातेत. पण त्याच्या फुगवट्याचे पाणी आमच्या हद्दीपर्यंत आले आणि काही गावांची नदीकाठची उत्तम जमीन त्याखाली गेली.

मित्राने 'आडबाजू' म्हटले आहे, त्याचे मला जरा हसू आले. सुरत-भुसावळ रेल्वे आणि सुरत-धुळे महामार्ग नवापूर गावातून जातात. स्टेशन तर असे आहे की तिकीट काढायचे महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरांना भेटायचे गुजरातेत. बाजाराच्या दृष्टीने आम्ही सुरतेच्या अंगणात आहोत. मात्र महामार्ग सोडून दक्षिणेच्या डोंगराकडे चार-सहा कोस आत जा. नाला भरून आला की दोन दिवस पाडा आणि बाजार यांची भेट नाही. तेव्हा हा मुलूख दूरही आहे आणि जवळही आहे. या दोन गोष्टींपैकी कोणती अधिक जाचते, ते पुढे दिसेल.

आता पाणी. इथे पाऊस सरासरीने हजार मिलिमीटरच्या वर पडतो. हा आकडा आपण ऐकतो आणि सोडून देतो. गुरुजनांनी तो वर्गात जरा फोडून दाखवावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एकरात चार हजारांवर चौरस मीटर. म्हणजे एका एकरावर वर्षाला चाळीस लाख लिटर पाणी आभाळातून उतरते. घराचे छप्पर साठ चौरस मीटरचे धरा. त्यावर साठ हजार लिटर पडते. पाच माणसांना दर माणशी चाळीस लिटर प्रमाणे रोज दोनशे लिटर लागले, तर कोरड्या आठ महिन्यांना अठ्ठेचाळीस हजार लिटर पुरतात. म्हणजे छपरावरच भागले की! कागदावर भागले. पण अठ्ठेचाळीस हजार लिटर ठेवायला चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर खोल हौद लागतो, म्हणजे आणखी एक खोली, तीही पक्की. पाणी पुरेसे आहे. ते चार महिन्यांत येते आणि बारा महिने लागते, एवढीच अडचण. ही 'एवढीच' अडचण लक्षात ठेवा, कारण माझा सगळा हिशेब पुढे याच खुंट्याभोवती फिरणार आहे.

मित्राच्या प्रश्नापैकी एक भाग मात्र कायद्यानेच निकालात काढला आहे. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींनी खरेदी करू नये म्हणून महाराष्ट्राने १९७४ साली जमीन महसुलाच्या कायद्यात बंधने घातली. जिल्हाधिकाऱ्यांची आणि शासनाची आधी मंजुरी घेतल्याशिवाय असा व्यवहार होत नाही, आणि होऊही नये. सावकाराच्या वहीत अंगठा उठवून किती शेते गेली, ती कशी गेली, हे इथल्या म्हाताऱ्यांना विचारा. तेव्हा मित्राला चार एकर मिळणे कठीणच. पत्राला एका ओळीत उत्तर देऊन मी मोकळा झालो असतो. पण ते पत्र मी वर्गात वाचून दाखवले, आणि तिथे गोष्ट वेगळ्याच वळणावर गेली.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. खांडबाऱ्याच्या बाजूच्या एका पाड्यावरचा, मावची बोलणारा, हुशार. पण दिवाळीनंतर वर्गात दिसत नाही, तो थेट होळीच्या सुमारास उगवतो. तो म्हणाला, "सर, तुमच्या मित्राला हवेत तेवढेच चार एकर आमच्याकडे आहेत. माणसंही पाचच आहेत. आजी, आई, बाबा, मी आणि बहीण. मग आम्ही दर साली बारडोलीकडे ऊस तोडायला का जातो?"

श्रोतेहो, अर्थशास्त्राच्या पुस्तकात या प्रश्नाला उत्तरे पुष्कळ आहेत. त्या क्षणी मला एकही धड देता आले नाही.

आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. माणशी रोज चारशे ग्रॅम धान्य, पाच माणसांना दोन किलो, वर्षाला सातशे तीस किलो. निम्मा तांदूळ, निम्मी ज्वारी धरू. शंभर किलो भात कांडला की साधारण पासष्ट किलो तांदूळ निघतो. म्हणजे तीनशे पासष्ट किलो तांदळाला साडेपाच-सहा क्विंटल भात हवा. पावसावरचे भात एकरी सहा क्विंटल धरले तर एक एकर लागला. ज्वारी एकरी चार क्विंटल धरा, तिलाही एक एकर. डाळ माणशी पन्नास ग्रॅम, वर्षाला नव्वद किलो. तिला सव्वा क्विंटलच्या वर तूर लागते, ती ज्वारीच्या ओळींत आणि बांधावर येते. तेलाला महिन्याला अडीच किलो, म्हणजे वर्षाला क्विंटलभर भुईमुगाच्या शेंगा. मोहाच्या बियांचे तेल काढले तर तेवढ्याही नकोत. मिरची, वाल, भोपळा परसात. बेरीज केली, तर अडीच-तीन एकरांत पाच माणसांचे पोट भरते. गुरांच्या चाऱ्याला, बियाण्याला, उंदरांना आणि पाहुण्यांना म्हणून एक एकर मागे राहतो.

मुले खूश झाली. तो मुलगा मात्र फळ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "सर, हे बरोबर आहे. पण आजीला विचारल्याशिवाय मी खरं मानणार नाही."

तेव्हा आम्ही आजीकडे गेलो. दिवाळीच्या सुट्टीचे दिवस होते. घर कुडाचे, सारवलेले. एका कोपऱ्यात शेणामातीने लिंपलेली बांबूची कणगी. म्हातारी मावचीत बोलायची, नातू मराठीत सांगायचा. सारवलेल्या जमिनीवर मी खडूने बारा घरे आखली आणि पहिल्यावर चैत्र लिहिला. म्हातारीने ते पदराने पुसून टाकले. म्हणाली, "गुरजी, वर्ष तिथून नाही. भात घरात येतो तिथून वर्ष." पंचवीस वर्षे मी आर्थिक वर्ष एप्रिलपासून मोजत आलो, म्हणजे शिकत होतो तेव्हापासून, शेतकऱ्याचे वर्ष कुठून मोजावे हे कुणी सांगितले नव्हते.

घरात धान्य असेल त्या महिन्यात तुरीचे दाणे ठेवायचे, हाती पैसा येईल तिथे पांढरा खडा, पैसा जाईल तिथे मोहाची बी. म्हातारी मांडत गेली. कार्तिकापासून वैशाखापर्यंत दाणे भरपूर. ज्येष्ठात थोडे. आषाढ, श्रावण, भाद्रपद ही तीन घरे कोरी. कारण चार एकरांपैकी दीड एकर उताराची बरड आहे, तिथे माझे एकरी सहा क्विंटल कधीच आले नाहीत. आणि भात घरात आला की मागचे देणे फेडायला त्यातला काही लगेच जातो. खडे बघा: फाल्गुन-चैत्रात मोहफुले, वैशाखात तेंदूपाने, माघात तुरीची विक्री. आणि मोहाच्या बिया? त्या जवळजवळ सगळ्या ज्येष्ठ-आषाढ-श्रावणात येऊन पडल्या. बियाणे तेव्हाच, खत तेव्हाच, शाळा-कॉलेजची भरती तेव्हाच, तापाचे दिवसही तेच. धाकट्या बहिणीला सिकलसेलचा त्रास आहे, तिला दुखणे उमळले की दवाखाना तेव्हाच.

ज्या घरांत दाणे नव्हते, तिथेच बिया ढिगाने होत्या, आणि पांढरा खडा एकही नव्हता. म्हातारी क्षणभर थांबली. मग त्या कोऱ्या घरांवर हात ठेवून म्हणाली, "इथे मुकादम येतो."

उसाच्या फडावर नेणारा मुकादम भर पावसाळ्यात, घर रिकामे असताना येतो आणि उचल देतो. उचल घेतली की नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता' झाला. दसरा-दिवाळीपासून होळीपर्यंत ती जोडी बांधली गेली. तीन महिन्यांचे भोक बुजवायला पाच महिने द्यावे लागतात. आणि ते पाच महिने कोणते? तुरीची राखण, रब्बीचा हरभरा, बांधबंदिस्ती, हिवाळ्यातला भाजीपाला, पोरांच्या शाळा, या सगळ्यांचे. ज्या दिवसांत शेत उभे करायचे तेच दिवस विकले जातात. म्हणून पुढच्या आषाढात घर पुन्हा रिकामे. माझ्या फळ्यावर एकर होते. म्हातारीच्या जमिनीवर महिने होते. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर महिन्यांत होते.

इथे कुणी म्हणेल, आता रेशन मिळते ना? मिळते, आणि त्याने मोठा फरक पडला आहे, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो धान्याचा हक्क दिला, अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलोंचा. २०२३ पासून ते मोफत झाले. म्हातारीच्या तरुणपणी आषाढ-श्रावण रानातल्या कंदांवर काढावा लागे; तशी वेळ आता येत नाही. पण पाच माणसांना पंचवीस किलो येतात आणि साठ लागतात, आणि रेशनच्या पिशवीतून दवाखान्याचे बिल निघत नाही. भोक बुजले नाही, धान्यावरून पैशाकडे सरकले.

आता तुरीची गोष्ट ऐका. मला तिच्याइतके शहाणे आणि तिच्याइतके खुळे दुसरे काही या हिशेबात दिसले नाही. नवापूरची तूर डाळ नामांकित आहे. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे हे नाव लावण्याचा हक्क या मुलखाचा. पण मानांकन पोत्यावर लागते, पोटावर लागत नाही. त्या घरी पन्नास-पन्नास किलोंची पाच पोती तूर झाली होती. दर साली ती माघात, खळ्यावरूनच जायची, कारण घरातली कर्ती माणसे फडावर आणि देणेकरी दारात. श्रावणात हेच घर बाजारातून पाव-पाव किलो डाळ आणते, ती कुठली, कुणास ठाऊक! तूर विकायची अख्खी, आणायची भरडलेली. भरडण्याची मजुरी, वाहतूक, आडत, व्यापाऱ्याचा नफा, सगळे आपल्याच ताटातून.

मी आजींना विचारले, "पूर्वी काय करायचात?" त्या म्हणाल्या, पूर्वी तूर राखेत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून कणगीत ठेवायचो, जात्यावर लागेल तशी भरडायचो. कळणा-कोंडा कोंबड्यांना, टरफल गाईला. आमच्याकडे याहामोगी देवीला नव्या टोपलीत धान्य घालून नेतात. धान्य साठवणे हे या लोकांत देवाचेच काम मानले जाते. साठवणे विसरले असे नाही. साठवायला सवड उरली नाही.

हे मी लिहून घेत होतो, तेवढ्यात माझ्या लक्षात आले की फळ्यावरच्या हिशेबात आणखी एक चूक आहे. जळण कुठे धरले होते? गुरांचे चरणे? मोहफुले, तेंदूपाने, पावसाळ्यातल्या रानभाज्या, कोवळे बांबू, करटोली, टाकळा, घराला लागणारे वासे? हे चार एकरांत येत नाही, ते रानातून येते. मित्राला वाटते चार एकर पुरतील. त्या चार एकरांच्या पाठीशी गावाचे रान असेल तरच ते पुरतील. आणि रान एकट्याचे नसते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला आपल्या सामूहिक वनावर हक्क मागता येतो, पण हक्क मिळाला तरी राखायचे काम गावालाच करावे लागते.

ते होते का? होते. नवापूरला लागूनच धुळे जिल्ह्याचा साक्री तालुका. तिथे बारीपाडा नावाचे लहानसे आदिवासी गाव आहे. १९९० नंतरच्या काळात तिथल्या लोकांनी, चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आपल्या आपण लावून घेतली. मोडणाऱ्याला दंड, तोही गावानेच ठरवलेला. उजाड झालेले सुमारे अकराशे एकर रान पुन्हा उभे राहिले. रान आले तसे विहिरींना पाणी आले, पाणी आले तसे दुसरे पीक आले, आणि कामासाठी बाहेर जाणे कमी झाले. २००४ पासून तिथे बायका रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरवतात. पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. सन्मान मोठा, पण मला त्याहून मोठे वाटते ते असे की तिथे एकट्या घराचा प्रश्न कुणी सोडवत बसले नाही. आधी गावाचे पाणी आणि रान, मग ज्याचे त्याचे शेत.

यावर आमच्या वर्गातला दुसरा एक मुलगा म्हणाला, "सर, रान वाढायला वीस वर्षं लागतात. पैसाच हवा तर धंदा काढावा. कोंबड्या पाळाव्यात." बरोबर बोलला. नवापूरने तो धंदा काढला होता. महामार्ग जवळ, सुरतेची बाजारपेठ जवळ, हवा मानवणारी. मोठमोठ्या शेडमध्ये लाखो कोंबड्या आणि रोज ट्रकच्या ट्रक अंडी. मग २००६ चा फेब्रुवारी आला. १८ तारखेला बर्ड फ्लूचे निदान पक्के झाले, हिंदुस्थानातले पहिले, आणि नवापूरचे नाव एका रात्रीत जगाच्या वर्तमानपत्रांत गेले. काही दिवसांत लाखो कोंबड्या मारून पुरल्या, अंडी नष्ट केली. सुदैवाने माणसांना लागण झाली नाही. पण ठरवलेल्या परिघात ज्या बाईच्या अंगणात सात-आठ गावठी कोंबड्या होत्या, तिच्याही गेल्या. धंदा पुन्हा उभा राहिला, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत पुन्हा तेच झाले.

माझा पोल्ट्रीवाल्यांवर रोष नाही. कष्टाने उभे केलेले धंदे ते, आणि पुष्कळांना त्यांनी रोजगार दिला. पण पारड्यात घालून पाहा. पिलू बाहेरचे, खाद्य बहुतेक बाहेरचे, औषध बाहेरचे, गिऱ्हाईक बाहेरचे. आपली होती फक्त जागा आणि मजुरी. असा धंदा चांगल्या दिवसांत पैसा देतो, पण वाईट दिवसांत त्यातले ओंजळभरही घरात उरत नाही. मघाशी मी म्हटले होते, दूर असणे जाचते की जवळ असणे, ते पुढे दिसेल. या प्रकरणात आम्हांला जवळ असणेच जाचले. तूर मात्र पडल्या भावातही शिजवून खाता येते.

तसेच दूर असणे कसे जाचते, तेही सांगतो. ऑगस्ट २०१८ मध्ये एका रात्रीच्या पावसाने रंगावली आणि सरपिणी अशा फुगल्या की घरे वाहून गेली, माणसे दगावली. रेल्वे आणि रस्ता दोन्ही खोळंबले. २०२० च्या मार्चअखेरीस देश बंद झाला तेव्हा सुरतेकडून खानदेशाकडे निघालेली माणसे, डोक्यावर बोचकी घेऊन, आमच्या हद्दीवरून पायी जाताना आम्ही पाहिली. त्या दिवसांत ज्याच्या कणगीत धान्य होते त्याचे घर निदान शांत होते. मीठ नव्हते, चहा नव्हता, पण घर शांत होते.

मीठ म्हटले म्हणून सांगतो. मीठ इथे होत नाही, कधीच होत नव्हते. पूर्वी ते बैलांच्या पाठीवर यायचे. लोखंड नाही, कापड आता नाही. आणि त्या मुलीचे सिकलसेलचे औषध कोणत्या झाडाला लागत नाही, तिची रक्ततपासणी परसात होत नाही. तेव्हा "कुणाचे घेणे नाही, कुणाचे देणे नाही" ही गोष्ट नवापुरात नाही, मला वाटते कुठेच नाही. महात्माजींनी २६ जुलै १९४२ च्या 'हरिजन'मध्ये ग्रामस्वराज्याची कल्पना मांडली, तीतसुद्धा गावाने जीवनावश्यक गरजांपुरते शेजाऱ्यावर विसंबू नये, आणि बाकी पुष्कळ गोष्टींत एकमेकांवर विसंबावे, असे दोन्ही सांगितले आहे. लोक पहिले अर्धे वाक्य पाठ करतात आणि दुसरे विसरतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुम्हांला एक विनंती आहे. पाड्यावरच्या शाळेत पाचवी-सहावीच्या मुलांकडून ही बारा घरे आखून घ्या. कागद नको, जमीन बरी; चुकले तर पुसता येते. प्रत्येकाने आपल्या आजीला विचारून यावे. कुठल्या घरी कोणता महिना कोरा आहे तो दिसेल, आणि गंमत म्हणजे बहुतेकांचा तोच महिना कोरा असेल. मग गावात बचत गट असेल तर त्याचे कर्ज त्याच महिन्यात का मिळू नये, गावाची धान्य बँक त्याच महिन्यासाठी का भरू नये, हे मोठ्या माणसांनी बोलावे. एवढा मात्र सांभाळ असू द्या: कुणाच्या घरचे देणे वर्गात मोठ्याने वाचू नका. मी पहिल्यांदा ती चूक केली. एक मुलगी दोन दिवस वर्गात आली नाही.

मित्राला मी लिहिले: जमीन मिळणार नाही, आणि तिचा नाद सोड. पण इथे कसे राहता येते ते बघायचे असेल तर जरूर ये; मात्र थंडीत येऊ नकोस. थंडीत इथे सगळेच श्रीमंत दिसतात. आषाढात ये, महिनाभर राहा, आणि त्या महिन्यात बाजारातून काय काय आणावे लागते त्याची वही ठेव. तो आला होता. तीन आठवडे राहिला, दोनदा तापाने पडला, आणि जाताना वही माझ्याकडे ठेवून गेला. ती मी आता वर्गात वापरतो.

आता त्या मुलाच्या घरचे. बारा घरे मांडली त्या साली तो आईबापांबरोबर फडावर गेलाच. उचल आधीच घेतलेली होती. पण माघात आजींनी तूर राखून धरली. एक पोते विकले. दोन घरच्या डाळीला ठेवली. उरलेली दोन राखेत घोळून आषाढापर्यंत ठेवली आणि मग मोडली. भाव फार वाढला होता असे नाही. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये होता, त्याच्याच आसपास गेली. भाव दर साली चढतोच असेही नाही, आणि तूर राखताना कीड लागली तर नुकसानही होते. पण पैसा हवा त्या महिन्यात हाती आला. थोडे कर्ज आईने बचत गटातून काढले. मुकादम आला, उचल घेतली, पण निम्मी घेतली, आणि एकट्या वडिलांच्या नावावर घेतली. कोयत्याचा दुसरा जोडीदार म्हणून एक चुलता गेला. आई मागे राहिली, बांधाखालच्या अर्ध्या एकरात तिने हरभरा केला.

परवा मी हजेरीपट चाळत होतो. मागच्या डिसेंबर-जानेवारीत त्या मुलाच्या नावापुढे दोन्ही महिने रेघ होती. यंदा त्याच दोन महिन्यांत तो एकतीस दिवस हजर आहे.